प्लग लगेच लावू नका

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल माळ्यावरून खाली काढलेत, ठीक. पण प्लग लगेच लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाचा) आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. एकदम पूर्ण 230 व्होल्ट दिले की ते तापतात, फुटतात, कधी ट्रान्सफॉर्मरही सोबत नेतात.

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे सेटला वीज एका बल्बमधून जाईल असा. त्यात 60 किंवा 100 वॅटचा जुना, तारेचा बल्ब हवा. एलईडी इथे कुचकामी. स्पीकर काढून सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर काळजी नाही. तासभर तसाच राहू द्या आणि मग थेट लाइनवर लावा. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार घालायचा मोह नको.

स्पीकर जोडण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ते जिथे लागतात त्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. व्होल्टात आकडा दिसला तर जोडू नका, स्पीकरचं व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळू शकतं.

घूंऽऽ असा आवाज आला तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तेवढाच राहिला तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर कपॅसिटर सोडा, आधी टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर आणि पिना बघा. बहुतेकदा तिथेच सापडतं.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच (वीसेक टक्के जास्त चालतात), व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि 105 डिग्रीचा. अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह. उलटा लागला तर फुटतो. सगळे एका बैठकीत बदलायची अनेकांना हौस असते, मला ती पटत नाही. दहा बदलले आणि सेट बोलेनासा झाला, तर चूक सोल्डरच्या कुठल्या डागात हे कसं शोधणार? आधी फोटो, मग एक बदला, लावून बघा, मग पुढचा.

बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. प्लग काढून 1 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांवर मिनिटभर धरा, पण चिमट्याने, बोटांनी नाही. मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं ही कारागिरी नव्हे. आणि व्हॉल्व्हचा रेडिओ उघडूच नका: तिथे 250–300 व्होल्ट डीसी असतात, आणि हात थोडा जरी थरथरत असला तरी ते काम जाणत्या माणसाचं.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर पोटेन्शिओमीटरच्या (नॉबमागच्या भागाच्या) फटीत थोडासा मारा आणि सेट बंद ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे नको. त्याचा चिकट थर धूळ धरतो. एक बाजू हळू आवाजात गायब आणि मोठ्या आवाजात परत येते? मग स्पीकर रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत. पॉलिश पेपरने घासाल तर वरचा मुलामा जाईल. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले बसवा.

टर्नटेबलचा बेल्ट डांबरासारखा वितळला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुली चकचकीत होईपर्यंत पुसा. नव्या बेल्टसाठी त्याच्या वाटेवरून दोरा फिरवून मोजा. बेल्टचा घेर त्याहून साधारण 5 टक्के कमी हवा. जास्त घट्ट बेल्टने मोटरचं बेअरिंग झिजतं. वेग तपासायची चकती 50 हर्ट्झची घ्या: मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी तिच्यावर 180 रेघा असतात. तारेच्या बल्बखाली त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर.

इकडून टर्नटेबल आणायचं म्हणालात, पण इकडे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज सुधारेल, हर्ट्झ नाही. सिंक्रोनस (हर्ट्झप्रमाणे फिरणाऱ्या) मोटरवाला 33⅓ ऐवजी जेमतेम 27.8 ने फिरेल. त्याला 50 हर्ट्झची पुली मिळत असेल तरच आणतो.

सुईवर वजन कार्ट्रिजच्या कागदावर असेल तेवढंच ठेवा, मॅग्नेटिकला बहुधा 1.5 ते 2 ग्रॅम. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरखडते.

एका बाजूचा आवाज कमी वाटतोय म्हणालात, त्याबद्दल. सेट बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. कमी आवाज दुसऱ्या स्पीकरवर गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी, टर्नटेबलकडे; तिथेच राहिला तर स्पीकरकडे बघा, आधी फोमची कड बोट लावल्यावर भुगा होते का ते. पण स्पीकर उघडण्याआधी खुर्ची उलटी फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसा. आता दुसऱ्या स्पीकरचा आवाज कमी वाटला तर सेटला हात लावू नका, कान तपासून घ्या.

तुमचा,
धाकटा