तुझ्या कॅप्टनची बेचाळीस मिनिटं

देवळाली कॅम्प

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी विज्ञानकथा वाचली. आईनेही वाचली. मंगळावरच्या घुमटाखालचे ते मेथीचे वाफे तिला फार आवडले. मला आवडलं ते यानावरचं रोजचं जगणं: पहारा बदलायच्या वेळा, लंगरच्या रांगेतली कुरबुर, सुट्टी नामंजूर झालेल्या पोराचं गप्प गप्प राहणं. छावणीत वाढलेल्या मुलीलाच हे असं लिहिता येतं. पण ज्या प्रसंगासाठी तू सगळी कथा रचलीस, तो प्रसंग मला पटला नाही. फोनवर एवढं सलग बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

पृथ्वीवरून हुकूम येतो की वसाहतीचा प्राणवायूचा कारखाना उडवा. घुमटाखाली हजारो माणसं, त्यात लहान मुलं. तुझी कॅप्टन ताडकन ‘नाही’ म्हणते, सगळे जवान टाळ्या वाजवतात आणि कथा संपते. त्या टाळ्या मला खुपल्या. हुकूम इतका उघड दुष्ट आहे की तो नाकारायला कॅप्टनला काही सोसावं लागत नाही, आणि वाचणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. खऱ्या फौजेत असा हुकूम असा स्वच्छ अक्षरात लिहून येत नाही. येतो तो एखाद्या आकड्याच्या रूपात.

मी तोफखान्यात टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट होतो, हे तुला माहीत आहे. आमचं काम कमांड पोस्टमधलं. पुढे ओपीत, म्हणजे टेहळणीच्या चौकीत बसलेला अधिकारी लक्ष्य सांगायचा, आम्ही नकाशा, वारा, तापमान, दारूचा चार्ज असा हिशेब मांडून दिशा आणि उंचीचे आकडे काढायचो आणि ते तोफांकडे जायचे. 105 मिलिमीटरच्या फील्ड गनचा गोळा 17 किलोमीटरपर्यंत जातो. 17 किलोमीटरवर काय आहे ते तोफेपाशी उभ्या असलेल्या कुणालाच दिसत नाही. गनरला समोर दिसतो तो डोंगराचा उतार नाहीतर झाडं. पाहतो तो ओपीवाला. सगळ्या बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या तुकडीचे डोळे त्या एका माणसाकडे असतात. आणि म्हणून बॅटरीचा विवेकही बराचसा त्याच्याकडे असतो. तुझी कथा वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला: तुझ्या कॅप्टनला नक्की काय दिसत होतं? ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

आता दुसरी बाजूही ऐक, कारण तुझ्या कथेत हुकूम पाळणारी सगळी माणसं भित्री किंवा मठ्ठ आहेत, आणि ते मला मान्य नाही. आपल्याच तोफांचे गोळे पुढे पडत असताना त्यांच्या आडोशाने पायदळ डोंगर चढतं. ठरलेल्या क्षणाला तोफा आपला मारा पुढे सरकवतात आणि पोरं वर घुसतात. त्या वेळी गनरने ‘मला हे पटतं का’ असा विचार करत हात आखडला, किंवा मारा चार सेकंद उशिरा हलवला, तर मरतात ती आपलीच पोरं. तिथे मिळालेला हुकूम अचूक पाळणं हाच विवेक. फौजेतले बहुतेक दिवस असेच असतात. ‘नाही’ म्हणायची वेळ फार क्वचित येते, आणि आली तरी आपण ज्या शिस्तीवर इतकी वर्षं जगलो तिच्याच विरुद्ध तोंड उघडायचं असतं. म्हणून ते इतकं जड जातं. तुझ्या कॅप्टनला ते जड गेलेलं मला दिसायला हवं.

तू मला वाचायला दिलेली दोन पुस्तकं आठव. जो हाल्डेमनचं ‘द फॉरएव्हर वॉर’ 1974 सालचं. तो स्वतः व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेला. त्यात परग्रहावर पहिल्यांदा शत्रू समोर येतो तेव्हा सार्जंट एक कविता म्हणतो, आणि त्या शब्दांनी सैनिकांच्या मनात आधीच संमोहनाने पेरून ठेवलेला द्वेष उसळतो. जवळजवळ प्रतिकारही न करणाऱ्या जीवांची ते कत्तल करतात. नंतर कथेचा नायक मँडेला याला सगळं आठवतं आणि स्वतःची किळस येते. दुसरं ऑर्सन स्कॉट कार्डचं, 1985 सालचं ‘एंडर्स गेम’. त्यातल्या एंडर या मुलाला वाटतं की आपण सरावाचा खेळ खेळतोय, आणि प्रत्यक्षात त्याच्या हुकमावर खरी जहाजं लढत असतात, खरा ग्रह नष्ट होतो.

मला या दोन्हीत एक गोष्ट सारखी दिसली. त्या फौजांच्या वरिष्ठांना पक्कं माहीत होतं की सैनिकाला विवेक असतो. म्हणून तर एकाने तो संमोहनाने बांधून टाकला आणि दुसऱ्याने त्याच्यापुढे पडदा धरला. मँडेलाला दिसत होतं, पण हात त्याचे राहिले नव्हते. एंडरचे हात त्याचेच होते, पण त्याला दिसत नव्हतं. दोघांनाही ‘नाही’ म्हणायची संधीच कुणी मिळू दिली नाही. तू लिहिलेल्या भविष्यकाळात मात्र वरिष्ठ इतके भोळे आहेत की कॅप्टनला सगळी खरी माहिती देऊन, पुरेसा वेळ देऊन, वर तिचं मत विचारल्यासारखा हुकूम पाठवतात. तसं कुणी करणार नाही.

ज्यांनी खरोखर नकार दिला त्यांच्याकडे बघ. एप्रिल 1930 मध्ये पेशावरला रॉयल गढवाल रायफल्सच्या हवालदार चंद्रसिंग गढवालींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. समोर रिकाम्या हातांची माणसं उभी होती, ती त्यांना दिसत होती. पण पेशावरच्या त्या बाजारात दुसऱ्या तुकड्यांच्या गोळ्या सुटल्याच, माणसं मेलीच. गढवालींचं कोर्ट मार्शल झालं, जन्मठेप झाली, सुटले ते 1941 साली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आणि तुला आश्चर्य वाटेल, गोलमेज परिषदेच्या सुमारास एका फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना या सैनिकांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनीही पाठ थोपटली नाही. गोळीबाराचा हुकूम मोडणारा सैनिक आपली शपथ मोडतो, आणि उद्या सत्ता आमच्या हातात आली तर हेच शिपाई आम्हालाही लागतील, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अहिंसेच्या माणसाने हे म्हणावं, यावरूनच प्रश्न किती अवघड आहे ते कळतं. गढवालींनी जे केलं ते मला बरोबर वाटतं. गांधीजींची काळजीही मला समजते. पलटणीत काढलेल्या आयुष्याने मला या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवायला शिकवलं.

16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावावरून ह्यू थॉम्पसन नावाचा अमेरिकी वैमानिक छोटं हेलिकॉप्टर घेऊन उडत होता. खाली आपलेच सैनिक बायकापोरांना मारताहेत हे त्याला वरून दिसलं. त्याने हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या दोन सोबत्यांना सांगितलं की आपल्या लोकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर त्यांच्यावर बंदूक चालवा. लपलेल्या काही गावकऱ्यांना त्याने बाहेर काढवलं, रेडिओवर कळवलं, परत जाऊन वरिष्ठांना सांगितलं. पुढे देशात त्याला धमक्या आल्या, एका खासदाराने तर शिक्षा थॉम्पसनलाच व्हायला हवी असा सूर लावला. सोल्जर्स मेडल मिळालं ते 1998 साली, तीस वर्षांनी.

आणि सोव्हिएत फौजेचा स्तानिस्लाव पेत्रोव. 26 सप्टेंबर 1983 ची रात्र, मॉस्कोजवळचं भूमिगत केंद्र. उपग्रहांची यंत्रणा सांगू लागली की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय, मग आणखी चार. पेत्रोवने विचार केला की खरा हल्ला असता तर पाचच का सोडतील? त्याने वर कळवलं की यंत्रणेत बिघाड आहे. खरं काय ते त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्राला आग वाटला होता, हे नंतर कळलं. त्यालाही बक्षीस मिळालं नाही, नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली.

या तिघांमध्ये मला महत्त्वाची वाटते ती त्यांची जागा. गढवाली गर्दीसमोर होते, थॉम्पसन वरून पाहत होता, पेत्रोव पडद्यापुढे होता आणि त्याच्याकडे थोडी मिनिटं होती. ती जागा नसती, तर तितकीच चांगली ही माणसं काही करू शकली नसती. कायदाही शेवटी अशाच कुणाच्या तरी जागेवर विसंबतो. आपल्या आर्मी ॲक्टच्या 41 व्या कलमात हुकूम मोडण्याला चौदा वर्षांपर्यंतची कैद आहे, पण ती कायदेशीर हुकूम मोडण्याला. म्हणजे समोर आलेला हुकूम कसा आहे हे ओळखणारं कुणीतरी तिथे असणार, हे कायद्यानेच धरून चाललंय. फायरिंग रेंजवर सुद्धा धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडायला हुद्दा लागत नाही. काल भरती झालेला पोरगा ओरडला तरी हात थांबतात.

म्हणून तुझ्या यानावरच्या स्वयंचलित तोफेची मला जास्त भीती वाटते. तिच्यावर तू जेमतेम दोन ओळी लिहिल्यास. रडारच्या लहरी ओळखून स्वतःच त्यांच्यावर झेपावणारं इस्रायलचं हार्पी हे ड्रोन गेल्या शतकापासूनच आहे, त्यामुळे ही तोफ काही फार दूरची कल्पना नाही. उद्या ओपीतला माणूस काढला, टीए काढला, गनर काढला, आणि हुकूम थेट यंत्राकडे गेला, तर ‘स्टॉप’ कोण ओरडणार? ‘पाचच का?’ हे कोण विचारणार? यंत्र दुष्ट असेल असं मी म्हणत नाही. तिथे कुणी उभंच नसेल, याचं मला वाईट वाटतं.

आता तुझ्या हातात असलेली आणि तू वापरलीच नाहीस अशी एक गोष्ट. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांपासून लांब असतात तेव्हा रेडिओचा संदेश पोचायला एकवीस-बावीस मिनिटं लागतात. तुझ्या कथेत हुकूम आला तेव्हाच तो एकवीस मिनिटं शिळा होता. कॅप्टनने ‘का?’ असं विचारलं तर उत्तर यायला कमीत कमी बेचाळीस मिनिटं. विज्ञानकथेने तुला हे आयतं दिलंय! थॉम्पसनला एवढा वेळ मिळाला नव्हता. त्या बेचाळीस मिनिटांत यानावर काय होतं ते लिही. हुकूमही बदल. त्यातलं अर्धं खरं असू दे: वसाहतीतून खरोखरच कुणीतरी मारा केलेला असू दे, यानावरची दोन पोरं त्यात गेलेली असू देत. कॅप्टनच्या हाताखालचा सुभेदार म्हणू दे की मॅडम, विचार करत बसाल तर तिसरा जाईल. तो वाईट माणूस नको. त्याच्या बोलण्यात तथ्य हवं. आणि तोफ स्वतःहून उलटी मोजणी करत असू दे, ती थांबवायची तर कॅप्टनला स्वतः कमांड पोस्टमध्ये जाऊन उभं राहावं लागेल, असं कर.

नकार दिल्यावर तिने तिथून पळून जाऊ नये, एवढं मात्र माझं ऐक. शेवटच्या पानावर तू तिला वसाहतीतल्या लोकांबरोबर डोंगरात पाठवलंस. तिने यानावरच राहावं, स्वतःच्या हाताने लॉगबुकात लिहावं की मी हा हुकूम पाळला नाही आणि या कारणाने पाळला नाही, खाली सही करावी आणि पृथ्वीवर परतून कोर्ट मार्शलला उभं राहावं. तुझी आजी महाभारतातल्या विकर्णाबद्दल नेहमी बोलायची. द्रौपदीसाठी भर सभेत बोलला तो कौरवांमधला तो एकटा भाऊ, आणि तरी युद्धात भावांच्याच बाजूने लढून भीमाच्या हातून मेला. आजीला तो कृष्णाच्याही आधी आठवायचा. मला विकर्णाचं शेवटचं वागणं पूर्ण पटत नाही, पण ज्यांच्यात जेवलो-झोपलो त्यांच्यापासून तुटणं म्हणजे काय ते तो आठवला की कळतं. तुझ्या कॅप्टनच्या नकारातही ते तुटणं उतरू दे.

तुझी एसएसबी, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांची निवड-मुलाखत, जवळ आली आहे. 2023 साली तोफखान्यात पहिल्यांदा पाच महिला अधिकारी आल्या तेव्हा मी पेपरातली बातमी कापून ठेवली होती. कधी बोललो नाही, कारण माझ्या इच्छेचं ओझं तुझ्यावर नको होतं. आता तू स्वतःहून अर्ज केलास, तर सांगतो: तू या कामाला योग्य आहेस असं मला वाटतं, आणि ही कथा तुला सुचली हे त्याचं एक कारण आहे. मुलाखतीत कुणी विचारलंच की हुकूम आणि मन यांच्यात ओढाताण झाली तर काय करशील, तर पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. आधी त्यांना विचार की त्या क्षणी मी कुठे उभी आहे, मला काय दिसतंय, आणि माझ्याकडे किती वेळ आहे.

कथेचा नवा मसुदा पाठव. तोफेची उलटी मोजणी आणि कमांड पोस्टमधली बोलणी लिहिताना अडलीस तर फोन कर, कोण कुणाला काय म्हणतं ते मी शब्दशः सांगेन. सुभेदाराचे संवाद तर मला आधी वाचून दाखवच. आई म्हणते मेथीच्या वाफ्यांना हात लावू नकोस.

तुझे,
बाबा