बाबा, तुमचे केबल कारचे तिकीट मी काढलेले नाही

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या तेनेरीफच्या मे महिन्यातल्या सहलीची सगळी आरक्षणे काल पूर्ण झाली. हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात, विषय तिथेच संपतो, आणि मग ते बघणे प्रत्यक्ष तिकिटाच्या खिडकीसमोर उभे राहून होते. म्हणून लिहून कळवते आहे. तेइदे या तिथल्या ज्वालामुखी पर्वतावरच्या केबल कारची तिकिटे मी दोनच काढली आहेत, एक तुमच्या जावयाचे आणि एक तुमच्या नातवाचे. बाबा, तुमचे तिकीट मी काढलेले नाही. आईचेही नाही आणि माझेही नाही. हा निर्णय झालेला आहे. आईने माझ्या कानात काही सांगितलेले नाही आणि डॉक्टरांनी तुम्हाला मनाई केलेली नाही; निर्णय माझा आहे, तेव्हा राग यायचा असेल तर तो माझ्यावरच यावा.

तुमच्या मनात काय आहे, हे मी जाणून आहे. 2021 च्या सप्टेंबरात त्याच बेटसमूहातल्या ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा 85 दिवस तुम्ही रोज रात्री त्याच्या बातम्या पाहत होतात. डिसेंबरात तो थंडावला त्या दिवशी मला फोन करून "संपला गं" असे जे म्हणालात, त्यात सुटकेपेक्षा हुरहुरच जास्त होती. बाबांना एकदा ज्वालामुखीवर न्यायचे, हे मी तेव्हाच मनाशी पक्के केले होते. मग तुमच्या अँजिओप्लास्टीचा तो जुलै आला, आणि पुढे वर्षभर कुणीच कुठे जाण्याचे नाव काढले नाही. आता तुम्ही रोज सकाळी बागेला चार फेऱ्या मारता, तुमचे रिपोर्ट चांगले येतात, आणि तरीही नेमक्या शेवटच्या टप्प्यावर मी तुम्हाला अडवते आहे, याचे मला फार वाईट वाटते.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते. फेब्रुवारीत मी ऑफिसच्या कामाला गेले असे सांगितले होते, पण त्यातले चार दिवस मी तेनेरीफला एकटी जाऊन आले. तुम्हाला न्यायच्या आधी तिथला रस्ता, चढ, पायऱ्या, थंडी हे सगळे स्वतः पाहायचे होते. पहिले दोन दिवस वाऱ्यामुळे केबल कार बंदच होती. तिसऱ्या दिवशी मी गेले. ती 2,356 मीटरवरून निघते आणि अवघ्या आठेक मिनिटांत 3,555 मीटरवर नेऊन सोडते. पायी चढणाऱ्या माणसाच्या शरीराला उंचीची सवय व्हायला काही तास मिळतात, इथे मात्र ते तास मिळतच नाहीत. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोनतृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो आणि ती उणीव भरून काढायला हृदयाला जास्त धावावे लागते. दगडी वाटेवर वीसेक पावले चालून मी बुटाची नाडी बांधायला वाकले, तर उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली. बाजूच्या खडकाला धरून मी उभी राहिले आणि कानांत स्वतःचेच ठोके ऐकत होते. मला बरे वाटायला पाच मिनिटे लागली. पण त्या पाच मिनिटांत मला तुमच्याशिवाय दुसरे काही सुचले नाही.

तुम्ही म्हणाल की डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली आहे, मग डोंगराने काय घोडे मारले आहे. याचा मी नीट विचार केला आहे. विमान कितीही उंच उडाले, तरी आतल्या हवेचा दाब फार तर 2,400 मीटर उंचीवर असतो तितपतच उतरू दिला जातो. म्हणजे केबल कारच्या खालच्या स्थानकाएवढी उंची तुमचे शरीर विमानात बसल्या बसल्या सोसणार आहे, आणि तिथपर्यंत नेण्याची माझी तयारी आहे, तीही मध्ये थांबत, सावकाश. त्याच्या वरचे बाराशे मीटर मला मान्य नाहीत. हृदयविकार असलेल्यांनी वर येऊ नये, असे केबल कार चालवणारेही सांगतात. डॉक्टरांना मी फोन केला होता. "जपून गेलात तर बघा" असे ते म्हणाले, आणि त्यातला "जपून" तुम्ही विसराल व "बघा" लक्षात ठेवाल, हे मला ठाऊक आहे.

बाबा, लहानपणी किल्ल्याच्या वाटेवर तुम्ही मला नेहमी डोंगराच्या बाजूने चालवायचात आणि दरीच्या बाजूने स्वतः चालायचात. मी कितीदा तरी हट्टाने बाजू बदलायचे आणि तुम्ही काही न बोलता माझा दंड धरून मला पुन्हा आत घ्यायचात. ते मी विसरलेले नाही. या वेळी दरीच्या बाजूने मला चालू द्या.

आता ज्वालामुखीचे सांगते, कारण तो तुमच्या हातून मी काढून घेतलेला नाही. त्या बेटावरचा सगळ्यात अलीकडचा उद्रेक तेइदेच्या माथ्यावर झालेला नाही. तो 1909 च्या नोव्हेंबरात चिन्येरो नावाच्या ठिकाणी झाला आणि दहा दिवस चालला. ही जागा दीड हजार मीटरच्या आसपास आहे, वाट पाइनच्या रानातून जाते आणि चढ फारसा नाही. तिथे तुम्ही आणि मी जाणार आहोत. रान संपते तिथे लाव्हा अचानक सुरू होतो, एखाद्या राक्षसाने काळे शेत नांगरून ढेकळे तशीच टाकावीत असा तो दिसतो, आणि त्याच्या खडबडीत ढेकळांवर करड्या-पांढऱ्या रंगाचे दगडफूल चढलेले आहे. आई, तुझ्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाईबंद. थिजलेल्या लाव्ह्यावर आधी तेच येते, झाडांचा नंबर फार नंतर लागतो. हे मी वाकून, अगदी जवळून पाहत बसले होते. पूर्ण फेरी आपण करणार नाही. तासभर चालायचे, बसायचे, पाणी प्यायचे आणि आल्या वाटेने परतायचे.

तिथल्या लोकांचा अशा जमिनीसाठी एक शब्द आहे, मालपाइस, म्हणजे वाईट भूमी. त्याचा अर्थ गुडघा टेकला की कळतो, कारण त्या दगडाच्या कडा काचेसारख्या कापतात. बाबा, तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि साधे खरचटले तरी ते थांबायला वेळ लागतो, म्हणून अर्धी विजार चालणार नाही. पूर्ण पँट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हातमोजे हवेत. बूट आताच घ्या आणि बागेच्या फेऱ्या त्याच बुटांनी मारा, म्हणजे मेपर्यंत ते पायाला बसतील. वाट सोडायची नाही आणि आठवण म्हणून एकही खडा खिशात टाकायचा नाही, कारण तिथे त्याला बंदी आहे.

तेइदेच्या दिवशी आपण तिघे खाली, लास कान्यादासच्या पठारावर थांबणार आहोत. पठारसुद्धा 2,100 मीटरवर आहे, म्हणून त्या दिवशी घाई नाही. जाताना एस्पेरांसाच्या रानातून जाऊ. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्या बाजूला मोठा वणवा लागला होता. काळ्याठिक्कर पडलेल्या पाइनच्या खोडांतूनच, फांद्यांची वाट न पाहता, हिरवे कोंब फुटलेले मी पाहिले. जळूनही पुन्हा पालवणारी ही तिथली खास जात आहे. पुढे ढगांतून गाडी चढते, दिवे लावावे लागतात, आणि मग एका वळणावर सगळे ढग खाली राहतात. आई, मेच्या अखेरीस पठारावर ताहिनास्ते फुलतो. पुरुषभर उंचीपेक्षाही वर गेलेला लाल फुलांचा तुरा, आणि त्याभोवती मधमाश्या. तो आयुष्यात एकदाच फुलतो. तुझ्यासाठीच मी तारखा आठ दिवस पुढे ढकलल्या. त्याला हात लावू नकोस, एवढेच.

आता तुमचा जावई आणि नातू वर जातील त्याची काळजी तुम्ही करणार, म्हणून तेही सांगून टाकते. वरच्या स्थानकापासून 3,715 मीटरच्या शिखरापर्यंतच्या वाटेला राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा परवाना लागतो, तो नावानिशी आणि ठरावीक वेळेचा घेतला आहे. वारा असला तर केबल कार बंद राहील आणि ते दोघे आपल्याबरोबर खाली बसतील; परतावा किंवा दुसरी तारीख यांवरून रुसायचे नाही, हे नातवाकडून आधीच कबूल करून घेतले आहे. यांना समुद्रात स्कूबाही करायचे आहे. डायव्हिंगनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, तोवर उंचावर जाणे धोक्याचे असते, आणि त्या बेटावर किनाऱ्यावरून निघालेली गाडी थोड्याच वेळात दोन हजार मीटरवर पोहोचते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. म्हणून आधी तेइदे, मग दोन दिवसांनी डायव्हिंग, आणि त्यानंतर परतीच्या विमानाआधी पुन्हा दोन मोकळे दिवस, असा क्रम मी लावला आहे. मास्काच्या घळीत उतरायचाही त्यांचा बेत होता. तिथे आगाऊ नोंदणी आणि हेल्मेट सक्तीचे आहे, कारण वरून दगड येतात. या खेपेला तो मी रद्द केला.

ज्वालामुखी आपण असतानाच जागा झाला तर, असे आई विचारणार. स्पेनची राष्ट्रीय भूगोल संस्था तिथले भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि वायू यांच्यावर सतत नजर ठेवते, आणि धोक्याची पातळी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांनी जाहीर होते. ला पाल्मातही उद्रेकाच्या आठवडाभर आधीपासून भूकंपांची मालिका सुरू झाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी मी पातळी पाहीन आणि हिरवी नसेल तर आपण निघणार नाही. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती कालिमाची, म्हणजे सहारातून येणाऱ्या धुळीच्या वाऱ्याची. 2020 च्या फेब्रुवारीत या धुळीने तिथले विमानतळ बंद पाडले होते. आई, तुझा इनहेलर एक पर्समध्ये आणि एक बाबांच्या बॅगेत ठेव. धूळ असेल त्या दिवशी आपण घरातच पत्ते खेळू.

घर तळमजल्यावर आहे. जिना नाही, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, दोन शेगड्या आहेत आणि खिडकीतून समुद्र दिसतो. चहाची पूड, पोह्यांपासून गोड्या मसाल्यापर्यंत सगळे मी इथून नेणार आहे. तूप, पेढे, खवा काहीही आणू नकोस, कारण युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ आणू देत नाहीत, आणि आंबेही विमानतळावर काढून घेतील. तुझ्या हातचे काही तिथे कचऱ्यात जाताना मला पाहवणार नाही. आलेपाक मात्र आण. एके दिवशी बोटीतून पायलट व्हेल पाहायचे आहेत, आणि तुला गाडी लागते तशी बोटही लागेल. परवानाधारक बोट घेतली आहे, ती व्हेलपासून साठ मीटर अंतर राखते. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाल बावटा असला तर घोट्याएवढ्या पाण्यातही जायचे नाही. लाटांकडे पाठ करून कुणीही फोटो काढायचा नाही.

बाबा, विम्याच्या अर्जात अँजिओप्लास्टी लिहा. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा आरोग्यविमा लागतोच, पण आजार लपवला तर गरजेच्या वेळी तो विमा काहीच देणार नाही. मी भरून पाठवला होता तो रकाना तुम्ही रिकामा करून परत पाठवलात. कृपा करून पुन्हा भरा. जिभेखालची गोळी सदऱ्याच्या खिशात ठेवा, बॅगेत नव्हे. औषधांची यादी इंग्रजीत टाइप करून दोघांच्या पासपोर्टबरोबर ठेवा. तिथला आपत्कालीन क्रमांक 112 आहे, त्यावर इंग्रजीतही बोलता येते. छातीत जरा जरी जड वाटले तरी लगेच सांगा. कुणाचा दिवस खराब होईल म्हणून गप्प बसायचे नाही, जसे त्या जुलैत बसला होतात.

आणि एक काम राहिले. तुमच्या नोटांच्या आल्बममध्ये स्पेनची 1979 सालची हिरवी हजार पेसेटांची नोट आहे, एका बाजूला लेखक गाल्दोस आणि मागे डोंगरापुढे एकटा उभा असलेला, खाली निमुळता आणि वर जाड असा खडक. तो रोके सिंचादो आहे. आपण थांबणार आहोत त्या ठिकाणाहून तो समोर दिसतो आणि मागे तेइदे, अगदी नोटेत छापल्यासारखा. ती नोट प्लॅस्टिकच्या पाकिटासकट घेऊन या. ते दोघे वर असतील तेव्हा तुम्ही ती खडकासमोर धरून उभे राहा, मी तुमचा फोटो काढीन.

आईला गुडघ्याचा पट्टा आठवणीने घ्यायला सांगा.

तुमची,
चिमणी