पट्टी कोण बांधणार, हे आधी ठरवा

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, सत्तेतल्या माणसांच्या टेबलावर अधूनमधून एक विशिष्ट प्रकारची फाइल येते. अमुक व्यक्तीला बंद पाकिटातलं वाचता येतं, शेकडो मैलांवरचा शत्रूचा तळ दिसतो, किंवा जमिनीखालचा खजिना स्वप्नात आला, असं तिच्यात लिहिलेलं असतं. सोबत दोन-चार प्रतिष्ठितांची शिफारसपत्रं असतात आणि शेवटच्या पानावर निधीची मागणी. अशा फाइलवर काय शेरा मारावा, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. मी शास्त्रज्ञ नाही, हौशी जादूगार आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचण्याचा प्रयोग गेली तीस वर्षं करतोय. या विषयात माझा काही अधिकार असलाच, तर तो इतकाच.

तो प्रयोग कसा चालतो ते आधी सांगतो. प्रेक्षकांतून दोघांना वर बोलावतो. ते माझ्या डोळ्यांवर कणकेचे गोळे थापतात, त्यावर कापसाच्या घड्या, त्यावर काळं फडकं, आणि मागे गाठ. गाठ मारणारा हमखास जोर लावतो, कारण आपण सामील नाही हे त्याला सगळ्या सभागृहाला दाखवायचं असतं. त्या वेळी मी डोळे घट्ट मिटून भुवया खाली ओढून धरलेल्या असतात. गाठ बसली की भुवया वर उचलायच्या. वरचा सगळा पसारा तांदळाच्या दाण्याएवढा सरकतो आणि नाकाच्या बाजूला, गालाशी जो खळगा असतो तिथे, फट पडते. कमरेपाशी धरलेला कागद तिच्यातून स्वच्छ दिसतो. बाकी सगळं नाटक. मान जराशी वर, बोटं कागदावरून हळूहळू फिरवायची, मध्येच एखादं अक्षर चुकवायचं. अक्षर चुकलं की लोकांचा विश्वास उलट वाढतो, हे मला पहिल्या चार-पाच प्रयोगांतच कळलं. सगळं बरोबर आलं तर ती हातचलाखी वाटते, थोडं चुकलं तर ‘शक्ती’.

गुपित फोडलं म्हणून आमच्यातले काही जण माझ्यावर रागावतील. पण ते केव्हाच फुटलंय. 1960 च्या दशकात सोव्हिएत रशियात रोझा कुलेशोवा नावाच्या बाईंचा फार बोलबाला झाला होता. डोळे बांधून त्या बोटांच्या टोकांनी छापील मजकूर वाचतात, रंग ओळखतात, असं सांगितलं जायचं. तिथल्या प्रयोगशाळांनी त्यांना तपासलं, शोधनिबंधही निघाले. मग 1966 साली विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रकारावर लेख लिहिला, आणि नाकाच्या कडेने खाली बघणं हे शब्द त्याच्या शीर्षकातच घातले. मोठमोठे प्राध्यापक कातडीतल्या नव्या ज्ञानेंद्रियाचा शोध घेत होते आणि नाकाजवळची फट कोणी तपासत नव्हतं.

याच्या सुमारे एकशे ऐंशी वर्षं आधी फ्रान्समध्ये हेच प्रकरण जास्त शहाणपणाने हाताळलं गेलं होतं. 1784 मध्ये राजा सोळाव्या लुईने मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे अदृश्य शक्तीने रोग बरे करण्याच्या दाव्याची, चौकशी करायला समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडाला मंत्रवण्यात आलं आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून भलत्याच झाडांपाशी नेण्यात आलं. चौथ्या झाडाशी पोरगा बेशुद्ध पडला. मंत्रवलेलं झाड लांबच होतं.

पुढे 1837 मध्ये तिथल्या वैद्यक अकादमीचे सदस्य बुर्दाँ यांनी 3,000 फ्रँकचं बक्षीस लावलं. डोळे, उजेड आणि स्पर्श यांच्या मदतीशिवाय जो वाचून दाखवेल त्याला ते मिळणार होतं. माँपेलिएच्या पिजेर नावाच्या डॉक्टरांनी आपल्या लहान मुलीला पॅरिसला आणलं. मखमली पट्टी बांधून ती वाचते, हे बऱ्याच बड्या मंडळींनी पाहिलं आणि खात्रीने सांगितलं. अकादमीचं म्हणणं साधं होतं, पट्टी आमची, चेहरा पुरता झाकणारी. बापाने नकार दिला. वाद झाला, चाचणी झालीच नाही, आणि पुढे बक्षिसाची मुदतही संपली. मला हा किस्सा फार आवडतो. अकादमीने त्या मुलीला खोटं ठरवलं नाही, फक्त आपल्या हाताने पट्टी बांधायची म्हटलं.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण आपल्याला सादर होणाऱ्या फाइलमध्ये ‘अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनेही हे केलं होतं’ हे वाक्य असणारच. वाक्य खरं आहे. 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ या लेझरवर काम करणाऱ्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या पैशावर ‘दूरदर्शना’चे, म्हणजे बसल्या जागेवरून लांबचं ठिकाण ‘बघण्याचे’, प्रयोग सुरू केले. सोव्हिएत संघ यात पुढे जाईल ही धास्ती होती, आणि शत्रूकडे काही आहे का हे पाहणं गुप्तचरांचं कामच आहे. त्या सुरुवातीला मी नावं ठेवत नाही.

प्रयोगाची पद्धत अशी. एक जण चिठ्ठी उघडून निघेल त्या ठिकाणी जाऊन उभा राहणार. दुसरा बंद खोलीत बसून त्याला काय ‘दिसतं’ ते बोलणार. नंतर एक परीक्षक सगळी वर्णनं घेऊन प्रत्येक ठिकाणी जाणार आणि कुठलं वर्णन कशाशी जुळतं ते लावणार. कागदावर हे चोख वाटतं. पण त्या परीक्षकाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघा. हातातल्या कागदावर लिहिलंय: ‘काहीतरी उंच आहे. जवळपास पाणी असावं. गोलसर आकार. लोकांची ये-जा.’ आपण एका चौकात उभे आहात. उंच काय, तर दिव्याचा खांब. पाणी म्हणजे समोरचं कारंजं. गोल काय नाही? आणि ये-जा तर आहेच. ‘बंद, अंधारं, थंड’ हे शब्द जुळले नाहीत, पण ते आपण केव्हा ओलांडून पुढे गेलात हे आपल्यालाच कळत नाही. यात कोणी लबाडी करत नाही. लबाडी असती तर पकडायला सोपं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट निघाली, ती तर मला एखाद्या जादूच्या प्रयोगाइतकी सुंदर वाटते. न्यूझीलंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कामन यांनी त्या नोंदी मिळवल्या. परीक्षकाला दिलेल्या वर्णनांत आधीच्या दिवसांच्या ठिकाणांचे उल्लेख तसेच राहिले होते, म्हणजे कुठलं वर्णन कितव्या दिवसाचं ते ताडता येत होतं. मार्क्स यांनी त्यातल्या एकाही ठिकाणी पाऊल न ठेवता निव्वळ या धाग्यादोऱ्यांवरून जोड्या जुळवल्या. 1978 मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. नाकाजवळची फट या वेळी कागदात होती.

समर्थक सेमिपालातिन्स्कच्या क्रेनचा दाखला देतील. 1974 मध्ये या प्रयोगांतले एक ‘द्रष्टे’ पॅट प्राइस यांना सोव्हिएत संघातल्या एका गुप्त केंद्राचे फक्त अक्षांश-रेखांश दिले होते, आणि त्यांनी रुळांवरच्या प्रचंड क्रेनचं चित्र काढलं. उपग्रहाच्या छायाचित्रात खरोखर तशी क्रेन होती. मी ते चित्र पाहिलंय, थक्क व्हायला होतं. पण त्यांनी सांगितलेलं बाकीचं बरंचसं चुकीचं होतं. ते पान कोणी फ्रेम करून लावत नाही.

हे काम पुढे लष्कराकडे गेलं, मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला. ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, स्टार गेट अशी नावं बदलत राहिली, फाइल मात्र बंद होईना. एकूण सुमारे 2 कोटी डॉलर गेले. 1995 मध्ये बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन झालं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या, आकड्यांत काहीतरी नक्की आहे. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, तसं सिद्ध होत नाही. तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, हे मी लपवत नाही. पण एका मुद्द्यावर अहवाल स्पष्ट होता. या माहितीच्या आधारे एकही गुप्तचर कारवाई आखली गेली नव्हती. प्रकल्प गुंडाळला गेला. एवढ्या निष्कर्षाला तेवीस वर्षं लागली, कारण किती चुकल्यावर थांबायचं हे पहिल्या दिवशी कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं, असं माझं मत आहे.

ब्रिटिश संरक्षण खात्याने 2002 च्या सुमारास हेच सुमारे 18,000 पौंडांत उरकलं. सराईत ‘द्रष्ट्यां’नी यायला नकार दिला, म्हणून नवखे लोक घेतले, त्यांना बंद पाकिटं दिली, काही हाती लागलं नाही, विषय संपला.

आपल्याकडचं उदाहरण उन्नावचं. ऑक्टोबर 2013 मध्ये डौंडिया खेडा इथल्या पडक्या किल्ल्यात 1,000 टन सोनं पुरलेलं आहे, असं एका साधूच्या स्वप्नात आलं. एक केंद्रीय राज्यमंत्री तिथे जाऊन आले आणि पुरातत्त्व खात्याने कुदळी लावल्या. आम्ही स्वप्नावर नाही, भूगर्भ सर्वेक्षणाच्या अहवालावर खोदतोय, असं खात्याने सांगितलं. अहवाल होता हे खरंच. पण तो मागवला गेला कशामुळे, हे टीव्हीवर पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सापडलं काय, तर खापरं, बांगड्यांचे तुकडे, जुन्या चुली. एकदा सरकारी कागद जोडला गेला की स्वप्नाला जावक क्रमांक मिळतो. मंत्रिमहोदय, खरा धोका मला इथे दिसतो, साधूच्या झोपेत नाही.

तेव्हा माझी विनंती. निधी देण्याआधी चाचणी जरूर घ्या, पण ती ज्याला यश हवंय त्याच्या हाती देऊ नका. किती वेळा करायची, किती बरोबर आलं तर पास आणि किती चुकलं तर फाइल कायमची बंद, हे आधी लिहून पाकीट सील करा. ज्याने पाकिटातलं चित्र निवडलं तो माणूस त्या खोलीच्या आसपासही फिरकता कामा नये. आणि एक जादूगार सोबत ठेवा.

जादूगारच का, तर अमेरिकेत सेंट लुइसच्या विद्यापीठात 5 लाख डॉलरच्या देणगीतून अशा शक्तींच्या संशोधनाची एक प्रयोगशाळा निघाली होती. जेम्स रँडी या जादूगाराने तिथल्या संशोधकांना काय काय काळजी घ्या ते लिहून कळवलं, मदतीचीही तयारी दाखवली. त्यांना गरज वाटली नाही. मग रँडीनेच दोन तरुण जादूगार ‘शक्ती असलेले’ म्हणून तिथे पाठवून दिले. 1979 पासून बराच काळ ते चमचे वाकवत राहिले, कुणाला पत्ता लागला नाही. तुम्ही हातचलाखी करता का, असं कोणी सरळ विचारलं तर लगेच कबूल करायचं, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. कुणी विचारलंच नाही, असं रँडी सांगत.

आमच्या मंडळींपैकी कुणीही या कामाला आनंदाने येईल, आणि मीही येईन. मानधन नको, प्रवासखर्चही नको. आधी माझ्यावरच चाचणी घ्या, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना सवय होईल. कागद त्यांनी निवडावा, पट्टी त्यांची असावी. आणि बांधून झाली की माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी एकदा बोट फिरवून बघायला सांगा.

कळावे,

आपला,
एक हौशी जादूगार