नेरुळच्या त्या ताईंचे आभार
२१ जानेवारी २०२५. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले ऐकून बाहेर पडताना, ऐन गर्दीत बाबांना दरदरून घाम फुटला. मधुमेह आहे त्यांना. साखर उतरली होती आणि ग्लुकोजची पुडी मी घरीच विसरले होते. गेटवरच्या सुरक्षारक्षक ताईंनी लगेच आपली खुर्ची दिली, स्वतःच्या डब्यातले तिळगुळाचे दोन लाडू काढले. बाबांचे हात थरथरत होते, म्हणून कुस्करून भरवलेसुद्धा! मग गर्दीकडे पाठ करून आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "काका, घाई नको, ठाण्याची गाडी मिळेल," एवढंच म्हणत होत्या. डब्यात नंतर काहीच उरलं नव्हतं, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. नाव विचारायचंही राहिलं. ताई, बाबा ठणठणीत आहेत. मनापासून आभार.