आबा, तुम्ही गिअर पुन्हा माझ्या हातात दिलात

ती. स्व. आबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचंही नाही. तीन रविवार माझ्या शेजारच्या सीटवर बसलात आणि बदल्यात फक्त कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि ठेचा मागितलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नातू तुम्हाला वाचून दाखवेलच. ऑटोमॅटिक गाडी घेऊन चाळीसगाव-कन्नडचा घाट ब्रेकवर उतरणारे आणखी कितीतरी लोक आपल्या भागात आहेत, त्यांच्याही कानावर हे जावं.

तो शनिवार मी विसरणार नाही. आईला तपासणीहून संभाजीनगरवरून परत आणत होते. कन्नड मागे पडलं, उतार लागला. गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर तीच ठरवणार, आणि माझा पाय ब्रेकवर. निम्मा घाट उतरेपर्यंत तो पाय मी उचललाच नव्हता. आधी पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं, मग काचेआडूनही जळका वास आला. याच घाटात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळल्या होत्या आणि खाली आपल्या चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं होतं. तेव्हापासून आई या घाटात देवाचं नाव घेत बसते. तिचा हात दाराच्या कडीवर घट्ट आवळलेला मला दिसत होता.

रस्ता जरा रुंद झाला तिथे गाडी कडेला घेतली. पुढे थांबलेल्या जीपमधून तुम्ही उतरून आलात, नाक वर करून वास घेतलात आणि पहिलं वाक्य बोललात, “ताई, ब्रेक जळी राहिनात तुमना.” मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले तर हात आडवा घातलात. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, तडकतेसुद्धा. मागच्या चाकाखाली दगड लावलात आणि तळहाताची मागची बाजू चाकाजवळ नेऊन, स्पर्श न करता, उष्णता पाहिलीत. दर पाच-सात मिनिटांनी तेच. अर्ध्या तासाने म्हणालात, आता निघू.

त्या अर्ध्या तासात कळलं, की तुम्ही एसटीत चालक होता आणि हा घाट तुमच्या रोजच्या वाटेतला. तुम्ही विचारलंत, “कोणत्या गिअरमा उतरी राहिनात?” मी म्हटलं, आबा, ही ऑटोमॅटिक आहे, हिला गिअर टाकावे लागत नाहीत. तुम्ही स्टिअरिंगमागच्या त्या दोन पात्यांकडे बोट दाखवलंत, “मग ह्या काय?”

शोरूममध्ये मला सांगितलं होतं, की ही पाती, म्हणजे पॅडल शिफ्टर, ही रेसिंग गाडीची मजा. खोटं नाही ते. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये अशी पाती आणली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने त्या गाडीतून जिंकली. पण शर्यत मला करायची नव्हती. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबवत नाही, म्हणून मी ही गाडी घेतली. त्यामुळे वर्षभरात त्या पात्यांना माझं बोट लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा गाडीचं पुस्तक आधी मागितलंत. पुस्तक इंग्रजीत. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. जन्मभर क्लचची गाडी चालवलेल्या माणसाने इतक्या आदराने नवी गोष्ट शिकून घेतलेली मी पाहिली, ते मला वर्गात मुलांना शिकवताना रोज आठवतं. डावं पातं वजा, म्हणजे खालचा गिअर. उजवं अधिक, म्हणजे वरचा. ‘डी’मध्ये पातं ओढलं तर आमची गाडी थोडा वेळ ऐकते आणि मग पुन्हा स्वतःच्या मनाने गिअर धरते. दांडा मॅन्युअलला सरकवला तर मात्र दिलेला गिअर टिकतो. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर खालचा गिअर ती घेतच नाही. हे ऐकून तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, “हे चांगलं केलं.”

मेहुणबारे रस्त्यावर सपाटीला सराव झाला. साठच्या वेगात पाचव्यातून चौथ्यात, चौथ्यातून तिसऱ्यात, ब्रेकला न शिवता. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अठराशेवरून बत्तीसशेवर गेला, इंजिनाचा आवाज चढला, मी घाबरले. तुम्ही म्हणालात, हा आवाज इंजिन गाडीला मागे ओढतंय त्याचा आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला आणि गाडी गिअरमध्ये असली, की इंजेक्शनवाल्या इंजिनात इंधन जवळजवळ बंद होतं. चाकंच इंजिनाला फिरवतात आणि त्यात गाडीचा जोर खर्ची पडतो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक आपल्याकडे फार. न्यूट्रलमध्ये तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. हे मी शाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना सांगून झालंय.

दुसऱ्या रविवारी घाट. वर जाताना आधी इको मोडवर होते आणि गाडी ऊसाच्या ट्रॉलीमागे रखडत होती, कारण इकोत अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी सावकाश उठते आणि वरचा गिअर लवकर घेते. चढावर मग गिअरबॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसतो. तुम्ही तो धक्का पाठीने ओळखलात. स्पोर्ट लावला तशी गाडीने तिसरा धरला आणि इंजिनाला दम आला. ट्रॉली पार झाल्यावर पुन्हा नॉर्मल. आता माझा हिशोब पक्का झालाय. धुळ्याच्या सरळ रस्त्याला इको, घाट चढताना स्पोर्ट. मे महिन्यात मात्र इको नाही, कारण त्यात एसीही हात आखडता घेतो आणि आपल्या उन्हात आईला ते सोसत नाही.

मग उतार. तुमचा तो एकच नियम, “ज्या गिअरमा चढानं, त्याच गिअरमा उतरानं.” वळण दिसायच्या आधी तुम्ही हलकेच म्हणायचात, “डावं,” आणि मी टिचकी मारायचे. तिसरा. आणखी पुढे, केसाच्या पिनेसारखं वळण, “डावं.” दुसरा. ब्रेक लागायचा तो फक्त वळणाच्या तोंडाशी, ठाम आणि थोडका, की लगेच पाय उचलायचा. हे तुम्ही का सांगता ते मला तिथे समजलं. गाडीला माझा पाय आणि चाकांचा वेग कळतो, काही गाड्यांना उतारही कळतो. पण पुढचं वळण कळत नाही. ते डोळ्याला दिसतं, म्हणून ते आधी बोटाने सांगायचं.

मधेच तुम्ही एकदम मागे वळून पाहिलंत. “मागच्याला कसं कळी?” खरंच की. पात्याने वेग कमी केला तर ब्रेकचा लाल दिवा लागत नाही आणि मागून येणारा येऊन धडकू शकतो. तेव्हापासून खालचा गिअर घेताना मी ब्रेकला नुसता पाय टेकवते, दिवा लागेल इतकाच. पुस्तकातून हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही ते आरशात पाहून, मागच्या टेम्पोवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून शोधलंत. आबा, याबद्दल वेगळे आभार.

खाली उतरल्यावर तुम्ही दार उघडून सवयीने चाकाजवळ हात नेलात. यावेळी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन, मग अगदी रिमला बोट लावलंत आणि माझ्याकडे पाहून हसलात.

गेल्या महिन्यात आई घाटात झोपली. दाराच्या कडीला तिचा हात नव्हता. मी तिसऱ्यात उतरत होते, आरशात ती दिसत होती आणि मला तुम्हाला लगेच फोन करावासा वाटला.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूमुळे तीनही रविवारी तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत, सगळं तोंडाने शिकवलंत. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, दवाखान्यात मी नेईन. डॉक्टरांनी परवानगी दिली, की एका रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना आपण वर जाऊ. उतरताना चावी तुमच्याकडे. ‘डावं’ मी म्हणेन.

आईने साष्टांग नमस्कार सांगितला आहे. काकूंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

आपली,
चाळीसगावची ताई