कौल माझ्याकडे मिळत नाही

रत्नागिरी, रविवार

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, पाच मिनिटांतली तीन माझ्या फीला शिव्या घालण्यात गेलीत, असो. दादाला पेशंट म्हणून मी बघणार नाही हे आधीच सांगून टाकते, रागावू नको. ज्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले तो माझ्यासमोर काय खरं बोलणार? अर्धं गिळेल, आणि मी तुमच्याकडे जेवायला आले की आमटी वाढताना त्याला वाटत राहणार, हिला सगळं ठाऊक आहे. चिपळूणला माझ्यासारखीच सायकॉलॉजिस्ट असलेली एक मैत्रीण आहे, तिचा नंबर पाठवते.

आता नुसतं बोलायचे पैसे कसले, ते ऐक.

आमची आत्या आठवते ना, माजघराच्या खिडकीशी बसायची ती? बाहेरचं झालंय म्हणून देवाला पाकळ्या लावून किती कौल घेतले, गाऱ्हाणी झाली, अंगारे झाले. इथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, घरापासून एसटीने दीड तास, पण तिथे न्यायचं म्हणजे घराला डाग, म्हणून नेलंच नाही. मी या लाइनला आले ती तिच्यामुळे, पण ते मला कळलं एम.फिल.ला, सुपरव्हायझर मॅडमनी माझ्या नोट्स वाचून विचारलं, "तू या पेशंटला बघतेयस की आत्याला?" रूमवर येऊन रडले. मग वर्षभर स्वतःच थेरपी घेतली. तुला 'क्लास लावलाय' सांगायचे ना, तो क्लास हा.

एक आंबा बागायतदार येतात, नावगाव, तपशील सगळं बदलून सांगतेय. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की छाती धडधडायची, हात गार पडायचे, दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल. आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, कारण गोळ्या मी देत नाही, तो अधिकार आम्हाला नाहीच. मग त्यांची फवारणीची वही मागितली. पुढच्या पानांवर तारीख, औषध, किती लिटर, आणि मागून उलटी उघडून लिहायचं, ढग आले तेव्हा डोक्यात काय आलं. पहिल्या आठवड्यात एकच ओळ, "यंदा पेटी वेळेत गेलीच पाहिजे नायतर संपलो." त्या 'च'वर आम्ही दोन सेशन बसलो! अल्बर्ट एलिस या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने १९५५ च्या सुमारास जी आरईबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायची थेरपी, काढली तिचा जीव यातच आहे, की नुसत्या घटनेने माणूस एवढा मोडत नाही, 'असंच झालं पाहिजे' या हट्टाने मोडतो. मराठी येत असती तर एलिसबाबाने 'च'वर ग्रंथ लिहिला असता. आता मोहोर गळायचा तो गळतो, कर्जही खरंच आहे आणि ते विचार बदलून फिटत नाही, तसं कोणी सांगत असेल तर थापा. पण आधी ढग बघून डोक्यावर चादर घेणारा माणूस आता उठून बागेत चक्कर मारतो.

बऱ्याच जणांना माझ्याकडून कौल पाहिजे असतो, नवऱ्याला सोडू का, मुंबई सोडून गावी येऊ का, उजवी पाकळी पडली की हो. मी तसलं काही देत नाही, म्हणून काही जण दुसऱ्यांदा येतच नाहीत. येतात ते गाडी लांब चक्कीपाशी लावून. पहिल्याच दिवशी सांगते, बाजारात तुम्ही ओळख दाखवलीत तरच मी दाखवेन. परवा एक काकू मच्छीबाजारात माझ्या शेजारी उभ्या राहून बांगड्यांसाठी दहा मिनिटं भांडल्या, माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "मंगळवारी येतंय."

बोललेलं बाहेर जात नाही, फक्त जिवाचाच प्रश्न आला तर जातं, हेही आधीच सांगते.

दादाला 'मन घट्ट कर' म्हणू नको, प्लीज. शेजारी बस, तो बोलला तर ऐक, नाही बोलला तरी बस. जगायचा कंटाळा आलाय असं काही बोलला तर घाबरून विषय बदलू नको, सरळ विचार, आणि त्याला एकटं सोडू नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

कोकमाचं आगळ भाऊजींबरोबर पाठवलंय, बाटली उभीच ठेव. आणि तो रात्री झोपतो का, तेवढं आजच कळव.

तुझी,
वंदी