केशरोपणाचा दर आणि त्यात न धरलेला खर्च

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलांच्या सोयरिकी जमणे अवघड झाल्यापासून तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेर बियाण्यांच्या फलकांशेजारी केशरोपणाचेही फलक लागू लागले आहेत. विरळ केसांवरून दोन स्थळांचा नकार आल्यावर माझ्या सत्तावीस वर्षांच्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात ‘प्रतिग्राफ्ट १५ रुपये’ (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूने मुळासकट काढून विरळ जागी रोवायचा केसांचा पुंजका) असा फलक वाचून केशरोपण करून घेतले. त्याच्या खर्चाची वही समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे.

तीन हजार ग्राफ्टचे ४५,००० रुपये ठरले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी १८ टक्के जीएसटीचे ८,१०० रुपये वेगळे मागण्यात आले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एक क्विंटल कापूस नुसत्या करातच गेला. रक्ततपासण्या आणि औषधे दरात धरलेली नव्हती. डॉक्टरांनी कपाळावर पेनाने रेघ ओढली आणि ते निघून गेले. पुढचे सात तास काम दोन तंत्रज्ञांनी केले. आठवडाभरात डोक्याच्या मागच्या बाजूला पू धरला. त्यावरचे उपचार, नागपूरच्या फेऱ्या आणि पेरणीच्या तोंडावर लावावी लागलेली मजुरी मिळून आकडा पाऊण लाखाच्या पुढे गेला.

त्याआधी नागपुरातील एका प्लास्टिक सर्जनने त्याला ४० रुपये दराने १,८०० ग्राफ्टचे ७२,००० रुपये, करासह, लिहून दिले होते. आम्ही सर्वांनी, मीसुद्धा, ते महाग ठरवले. कमी ग्राफ्ट का, हे कोणी विचारले नाही. मागच्या बाजूचे केस हे हळदीच्या बेण्यासारखे मोजकेच असतात आणि उपसलेल्या जागी पुन्हा उगवत नाहीत. तरुण वयात टक्कल पुढे वाढणारच असते, म्हणून जाणता डॉक्टर त्यातले काही राखून ठेवतो. ज्याला स्वस्तात मोठा आकडा दाखवायचा आहे, तो ते राखत नाही. शिवाय रोवलेले केस काही आठवड्यांत एकदा गळतात आणि खरा निकाल दिसायला नऊ-बारा महिने लागतात. तोवर तपासायला तोच डॉक्टर भेटणार आहे की नाही, हाही दराचाच भाग आहे.

महाग ते चांगले, असेही मला म्हणायचे नाही. नागपूरच्या रामदासपेठेसारख्या भागातील जागेचे भाडे आणि दर्शनी खोलीतील गाद्यागिरद्या रुग्णाच्याच बिलातून निघतात. पाहायचे ते एवढेच, की प्रत्यक्ष हात कोणाचा असणार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की केशरोपण प्लास्टिक सर्जरीचे किंवा त्वचारोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनीच करावे आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही. बोगस बियाण्याचा फटका खाल्लेला आपला शेतकरी पिशवीवरचा लॉट नंबर तपासतो, पक्के बिल मागतो. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला मात्र संकोचतो. भूल, तपासण्या, औषधे, कर, नंतरच्या तपासण्या आणि बिघाड झाल्यास त्याचा खर्च कोणाकडे, हे सारे आधी लेखी घेतल्याशिवाय दोन दरांची तुलनाच होऊ शकत नाही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमाही लागू होत नाही.

मात्र सगळीच प्लास्टिक सर्जरी सौंदर्यासाठी नसते, हे आमच्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. शेजारच्या तांड्यावर स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या एका मुलीची हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. ‘प्लास्टिक सर्जरी म्हणजे लाखांचे काम’ या ऐकीव माहितीवर तिच्या आईवडिलांनी तीन वर्षे काढली. वस्तुतः महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी समाविष्ट आहेत, दुभंगलेल्या ओठांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत शस्त्रक्रिया होते आणि जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या अशा शस्त्रक्रियांना जीएसटीही नाही.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही प्रतिग्राफ्ट दराच्या जाहिराती येतात. आपल्या जाहिरात विभागाने निदान शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय अशी जाहिरात स्वीकारू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ